विकणाऱ्याचा चहा

आमच्या वडिलांनी आयुष्यात फारशा वस्तू विकत घेतल्या नाहीत. त्या काळी वस्तूच कमी होत्या आणि पैसे त्याहून कमी होते. पण जी काही खरेदी केली ती सत्यनारायण घालावा तशी यथासांग केली. बैल घ्यायचा झाला की आधी पंधरा दिवस घरात चर्चा, मग सांगोल्याच्या जनावरांच्या बाजाराला प्रयाण, आणि बरोबर गावातले तात्या. तात्यांचं आमच्याशी नातं काही नव्हतं. त्यांना बैलातलं कळायचं, एवढीच त्यांची पदवी.

तात्या बैलाकडे एकदम जात नसत. दोन बिड्या संपेपर्यंत लांबून नुसते बघत बसायचे. मग उठून दात बघायचे. दोनदाती, चारदाती की जुळलेला. खूर उचलून बघायचे, वशिंडावरून आणि खांद्यावरून हात फिरवायचे, दहा पावलं चालवायचे, परत आणायचे. मालक तोवर बैलाची सात पिढ्यांची कुळी सांगत असायचा आणि मधूनमधून म्हणायचा, "पावणं, च्या घ्या." तात्या चहा घेत नसत. ऊन मरणाचं, घसा कोरडा, समोर वाफाळती कपबशी; पण नाही म्हणजे नाही. एकदा मी कारण विचारलं. तात्या म्हणाले, "पोरा, विकणाराचा च्या पोटात गेला की बैलाचं वय दोन वर्सानं कमी दिसाया लागतं."

रुमालाखाली बोटं धरून सौदा झाला, पैसे मोजले गेले, की मग मात्र मालक, तात्या आणि वडील एकाच बाकावर बसून चहा प्यायचे. वडिलांच्या पैशाचा. कोणाच्या मनात कसलीही अढी नसायची.

हा वारसा आमच्या घराण्यात उतरला आहे. कलिंगड मी कानाशी धरून वाजवल्याशिवाय घेत नाही. आमची ही साडीच्या दुकानात साडी दारापर्यंत नेऊन उजेडात बघते, आणि तो दुकानदार ती साडी घेऊन पळून जाईल की काय अशा नजरेनं हिच्याकडे बघतो. जावयांची तर आम्ही तीन महिने चौकशी केली होती. पत्रिका, पगार, आजोळ, चष्म्याचा नंबर. त्यांच्या कॉलेजातल्या वर्गमित्राच्या मामांपर्यंत माझी मजल गेली होती.

अशा रीतीनं कसून तपासून घेतलेल्या ह्या जावयांनी मेलबर्नमध्ये ७६ हजार डॉलरची कॅराव्हॅन पंचवीस मिनिटांत खरेदी केली. त्यातली दहा मिनिटं कॉफी पिण्यात गेली. कॉफी अर्थातच विकणाऱ्याची.

कॅराव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचं घर. आपल्याकडे धनगर मेंढरांमागे बिऱ्हाड हलवतात ते गरज म्हणून. साहेबानं तीच गोष्ट हौस म्हणून सुरू केली. १८८५ च्या सुमारास गॉर्डन स्टेबल्स नावाच्या, ब्रिटिश आरमारातून निवृत्त झालेल्या एका डॉक्टरानं ब्रिस्टलच्या कारखान्यातून असं एक घर बांधून घेतलं. वजन दोन टनांच्या घरात, ओढायला दोन घोडे, आणि रस्ता मोकळा आहे का ते बघायला पुढे तीनचाकी सायकलवरून नोकर. म्हणजे सहलीच्या कॅराव्हॅनच्या इतिहासातला पहिला तपासनीस हा मालकाच्या पगारावर होता आणि गाडीच्या पुढे होता. ही दोन्ही वैशिष्ट्यं पुढे लोप पावली आणि तिथेच सगळा घोटाळा झाला, असं माझं मत आहे.

ऑस्ट्रेलियात ह्या प्रकाराचं वेड फार. नोकरीतून निवृत्त झालं की नवरा-बायको घराला कुलूप लावतात, मागे कॅराव्हॅन अडकवतात आणि देशाला प्रदक्षिणा घालायला निघतात. त्यांच्या एक नंबरच्या महामार्गानं ही प्रदक्षिणा साधारण साडेचौदा हजार किलोमीटरची होते. ह्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना तिथे 'ग्रे नोमॅड' म्हणतात. आपल्याकडे ह्याच वयात माणसं सोसायटीच्या मीटिंगला जातात.

आता ह्या गाड्या तयार होतात कुठे? बऱ्याचशा मेलबर्नच्याच उत्तर भागात, कॅम्पबेलफील्डसारख्या उपनगरांत. कारखाने एकमेकांना खेटून. कॅराव्हॅन ही मोटारीसारखी यंत्रमानवांच्या रांगेतून बाहेर पडत नाही. ती पुष्कळशी हातानं बांधतात, सुतारकामासारखी. सांगाडा एकाचा, आस दुसऱ्याचा, फ्रीज तिसऱ्याचा, शेगडी चौथ्याची, आणि हे सगळं जुळवणारा पाचवा. त्यात २०२० साली करोनामुळे देशाच्या सीमा बंद झाल्या. परदेशी जाता येईना, तेव्हा सगळ्यांनाच देशातल्या देशात भटकायची हुक्की आली. मागणी भराला आली. जिथे मागणी घाईची तिथे शिवण लांब टाक्यांची, हे आमच्या शिंप्याकडे दिवाळीत कपडे टाकणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

आम्ही दोघं मुलीकडे गेलो तेव्हा कॅराव्हॅन नुकतीच ताब्यात आली होती. जावयांनी ती मला अशा काही अभिमानानं दाखवली की मी नारळ आणायचा विसरलो ह्याची मला लाज वाटली. आतून गाडी खरोखरच देखणी. पांढऱ्याशुभ्र बैठका, लपलेले दिवे, एक बटण दाबलं की बाहेर येणारी सावली.

"ताब्यात घेताना सगळं बघून घेतलंत ना?" मी विचारलं.

"अहो बाबा, चाळीस मिनिटं त्यांनीच सगळं दाखवलं. बटणं कशी दाबायची, पलंग कसा उघडायचा. गाडीला लाल रिबीनसुद्धा बांधली होती."

मला पुण्यातला आमचा फ्लॅट आठवला. त्याची किल्ली देतानाही बिल्डरनं पेढे दिले होते. पहिल्या पावसात कळलं की गॅलरीचा उतार हॉलच्या दिशेनं आहे. पेढे मात्र उत्तम होते, हे मी आजही नाकारत नाही.

पहिली सहल ग्रेट ओशन रोडवरून अपोलो बेला. हा ओटवे डोंगराचा भाग म्हणजे व्हिक्टोरिया राज्यातल्या सर्वांत पावसाळी प्रदेशांपैकी एक. वाटेत तिसऱ्या वळणावर मागे काहीतरी धाडकन वाजलं. थांबून बघितलं तर स्वयंपाकाच्या ओट्याचा खण कड्यांसकट बाहेर येऊन पडला होता आणि हिनं खास पुण्याहून नेलेला हळदीचा डबा त्या पांढऱ्याशुभ्र बैठकांवर उपडा झाला होता. गाडीच्या आत साक्षात जेजुरी अवतरली होती. फक्त 'येळकोट' म्हणायच्या मन:स्थितीत कोणी नव्हतं.

रात्री पाऊस आला. दोनच्या सुमाराला माझ्या कपाळावर एक थेंब पडला. थोड्या वेळानं दुसरा. मग बरोबर त्याच अंतरानं तिसरा. अभिषेकपात्राखाली शंकराच्या पिंडीला काय वाटत असेल ह्याची मला प्रथमच नीट कल्पना आली. फरक एवढाच की शंकर उठून जागा बदलत नाही. मी बदलली, तर तिथेही दुसरं पात्र. "अहो, घाम आलाय का तुम्हाला?" ही झोपेत म्हणाली. नातवानं शहाणपणानं पातेलं आणून ठेवलं. पहाटेपर्यंत ते अर्ध भरलं.

विक्रेत्याला फोन केला. जो माणूस कॉफी देताना नावानं हाक मारत होता, त्याला आता नाव आठवेना. आठवल्यावर त्यानं पहिला खुलासा केला की हे पावसाचं पाणी नव्हेच. आत झोपलेल्या माणसांच्या श्वासाची वाफ थंड होऊन ठिबकते. म्हणजे आम्ही पाच माणसांनी एका रात्रीत अर्ध पातेलं श्वास सोडला होता! दुसरा खुलासा, गाडी खराब रस्त्यावरून नेली असेल. आता त्यांच्या जाहिरातीच्या पुस्तिकेत ही गाडी तांबड्या वाळवंटात धूळ उडवत चालली आहे असं चित्र होतं. गाडीला ते वाळवंट चालतं, फक्त डांबरी रस्त्यावरची वळणं सोसत नाहीत! तिसरा खुलासा, छताचं कारखान्याला विचारा. कारखाना म्हणाला, झडप आम्ही बनवत नाही, ती बनवणाऱ्याला विचारा. झडपवाला म्हणाला, झडप उत्तम आहे, ती बसवणाऱ्याला विचारा. बसवणारा म्हणजे कारखाना. असा हा फुगडीचा खेळ सहा आठवडे चालला.

शेवटी मुलगीच म्हणाली, "बाबा, इथे पैसे देऊन तपासणी करून देणारे लोक असतात. विकणाऱ्याशी त्यांचा संबंध नसतो."

"मग खरेदीच्या आधी का नाही बोलावला?"

मुलगी नवऱ्याकडे बघू लागली आणि जावई खिडकीबाहेर. "त्यांना वाईट वाटलं असतं," जावई म्हणाले. त्यांना म्हणजे विक्रेत्याला.

एका शनिवारी सकाळी तो तपासनीस आला. वय सत्तरीकडे झुकलेलं, जन्म गाड्या बांधण्यात गेलेला, गुडघ्यांवर चामड्याचे तुकडे शिवलेली विजार. जावयांनी कॉफी विचारली. त्यानं नको म्हणून स्वत:चा थर्मास दाखवला. मी आमच्या हिला हळूच म्हटलं, "तात्या आले."

त्यानंही आधी काही केलं नाही. लांब उभा राहून गाडीकडे दहा मिनिटं नुसता बघत होता. बिडी तेवढी नव्हती. मग त्यानं ओल मोजायचं एक छोटं यंत्र काढलं. दोन सुया भिंतीला टेकवल्या की आतल्या लाकडात किती पाणी मुरलंय ते आकड्यात सांगतं. वरून चकचकीत दिसणाऱ्या भिंतीला तो कोपऱ्याकोपऱ्यात सुया लावत चालला होता आणि आकडे वाढत होते. नंतर दारं-खिडक्या बंद करून त्यानं पंख्यानं आत हवा भरली आणि बाहेरून साबणाचं पाणी फवारलं. जिथे फट होती तिथे फुगे आले. सायकलच्या पंक्चरवाल्यानं ट्यूब पाण्यात बुडवावी तशी आमची ७६ हजार डॉलरची गाडी अंगणात फुगे सोडत उभी होती. नातवानं फुगे मोजले. अकरा भरले.

मग तो पाठीवर झोपून गाडीखाली गेला. गॅसच्या जागी आल्यावर त्यानं मला बोलावलं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली बसतो. म्हणून सिलिंडरच्या पेटीला तळाशी बाहेर जाणारी जाळी लागते. आमच्या गाडीत जाळी होती. कोणीतरी तिच्यावरून फळी ठोकली होती.

शेवटी ब्रेक. दोन टनांवरच्या कॅराव्हॅनला तिथे एक वेगळी व्यवस्था सक्तीची आहे. मोटारीपासून गाडी अचानक सुटली तर एक खीळ ओढली जाते, आणि आतल्या बॅटरीवर गाडीचे ब्रेक आपोआप लागतात. त्यानं खीळ ओढली. काहीच झालं नाही. पुन्हा ओढली. बॅटरीपासून येणारी तार जोडलेलीच नव्हती. व्यवस्थित गुंडाळून, वर चिकटपट्टी लावून ठेवली होती. बहुधा चहाची सुट्टी झाली असेल.

इतका वेळ मी मनातल्या मनात ह्या लेखासाठी विनोद जमवत होतो. तिथे ते थांबले. अपोलो बेच्या त्या उतारावर आमच्या मागे अडीच टनांचं जे काही येत होतं ते फक्त आकड्याच्या भरवशावर येत होतं. सुटलं असतं तर मागून येणाऱ्या कोणाच्या मोटारीत कोणाचा नातू बसलेला असता, ते मला माहीत नाही.

तपासनीस गाडी काट्यावरही घेऊन गेला. गाडीवरच्या धातूच्या पाटीवर दोन आकडे कोरलेले असतात: रिकाम्या गाडीचं वजन आणि सामानासकट जास्तीत जास्त किती वजन चालेल ते. आमच्या पाटीवर रिकामं वजन २,१०० किलो आणि मर्यादा २,५०० किलो. म्हणजे ४०० किलो सामानाला मोकळे. काट्यावर रिकामी गाडी भरली २,३४०! तिला ९५ लिटरच्या पाण्याच्या दोन टाक्या. त्या भरल्या की १९० किलो. बेरीज २,५३०. म्हणजे हिचं पोळपाट-लाटणं गाडीत चढायच्या आधीच, नुसत्या पाण्यानं, आम्ही कायद्याच्या बाहेर तीस किलो गेलो होतो. वर हिच्या लाडवांचा डबा!

"मग ह्या पाटीवरचा आकडा कोणी लिहिला?" मी विचारलं.

"बनवणाऱ्यानं," तो शांतपणे म्हणाला.

इथे माझ्या डोक्यात घंटा वाजली, कारण ही गोष्ट मी आधी वाचली होती. गेल्या शतकाच्याही मागच्या शतकात इंग्लंडचे जहाजमालक जहाजं इतकी लादत की ती बुडत, खलाशी मरत आणि मालकांना विम्याचे पैसे मिळत. सॅम्युअल प्लिमसॉल नावाच्या खासदारानं ह्याविरुद्ध पार्लमेंटात आकाशपाताळ एक केलं. १८७६ साली कायदा झाला: प्रत्येक जहाजाच्या अंगावर रेघ हवी, तिच्या वर पाणी येईल इतका माल भरायचा नाही. मोठा विजय! फक्त ती रेघ कुठे मारायची हे ठरवायचा अधिकार ठेवला मालकाकडेच. सांगतात की एका कप्तानानं ती धुराड्यावर मारून घेतली. रेघेची जागा कायद्यानं ठरवून द्यायला १८९० साल उजाडावं लागलं. मधली चौदा वर्षं समुद्राला कायदा होता, रेघ होती, आणि जहाजमालक निर्धास्त होते.

कॅराव्हॅनचं आज तेच चाललंय. तिथे कायदा नाही असं कोणी समजू नये. २०१८ सालचा वाहनांचा कायदा आहे, तो २०२१ पासून अमलात आहे. कारखानदारानं सरकारची मंजुरी घ्यायची, आणि मग आपली प्रत्येक गाडी सरकारी नोंदवहीत चढवायची. चढवायची कोणी? त्यानंच. शिवाय ती नोंद रस्त्यावरच्या सुरक्षिततेपुरती. छत गळतं का, भिंतीत ओल आहे का, खण जागेवर राहतात का, ह्याच्याशी तिला कर्तव्य नाही. परीक्षेचा पेपर विद्यार्थ्यानंच तपासायचा आणि बोर्डानं फक्त गुणपत्रिका छापायची, असा हा मामला आहे. अशा परीक्षेत नापास कोण होणार?

आणि हे आमच्याच नशिबी आलं असंही नाही. ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा व ग्राहक आयोगानं जुलै २०२२ मध्ये नव्या कॅराव्हॅनच्या विक्रीवर अहवाल काढला. त्यांच्या पाहणीला २,२७० ग्राहकांनी उत्तरं दिली, त्यांतल्या शंभरातल्या ऐंशी जणांनी नव्या गाडीत काही ना काही बिघाड निघाल्याचं सांगितलं. आता ज्याचं दुखतं तोच पत्र लिहायला बसतो, हे मला मान्य आहे. सुखी माणूस सरकारला उत्तरं पाठवत नाही. पण म्हणून शंभरात ऐंशी? आमच्या गल्लीत पाणी आलं नाही तरी शंभरातले ऐंशी तक्रार करत नाहीत.

माझं म्हणणं साधं आहे. नवी कॅराव्हॅन ताब्यात घेण्यापूर्वी, शेवटचा हप्ता देण्यापूर्वी, ती तिऱ्हाइतानं तपासली पाहिजे. तो तिऱ्हाईत घेणाऱ्यानं निवडलेला आणि घेणाऱ्याच्या पैशाचा पाहिजे. आणि ही तपासणी कोणाची मेहेरबानी न राहता विक्रीच्या करारातलं कलमच झालं पाहिजे: काट्याची पावती, ओलीचे आकडे, गॅस आणि ब्रेकची चाचणी, आणि त्यात जे निघेल ते दुरुस्त केल्याशिवाय उरलेले पैसे नाहीत. 'पाण्यात म्हैस आणि वर मोल' ही म्हण आपल्या पूर्वजांनी काही म्हशीपुरती केलेली नाही.

यावर उत्तरं तयार आहेत. मी ती सगळी ऐकली, कारण त्या विक्रेत्यापाशी वेळ भरपूर होता.

पहिलं: "गॅरंटी आहे की!" आहे ना. २०११ पासून तिथे उत्तम ग्राहक कायदा आहे. मालात मोठा दोष निघाला तर पैसे परत मागायचा किंवा वस्तू बदलून मागायचा हक्क आहे. पण दोष मोठा की लहान हे सिद्ध करेपर्यंत गाडी त्यांच्या अंगणात, पैसे त्यांच्या बँकेत आणि पातेलं आमच्या हातात. कायदा म्हणजे वैद्य आणि तपासणी म्हणजे पथ्य. घरात वैद्य आहे म्हणून कोणी शिळी भजी खात नाही. आणि ब्रेकची तार न जोडल्याची भरपाई उतारावरच्या अपघातानंतर घ्यायची तर ती घ्यायला माणूस शिल्लक पाहिजे.

दुसरं: "खर्च वाढेल." आमच्या तपासनिसाची फी झाली ७०० डॉलर. म्हणजे किमतीच्या शेकडा एकापेक्षाही कमी. त्या गाडीवर बाजूला काढलेल्या रंगीत पट्ट्यांचे त्यांनी ह्याहून जास्त घेतले असतील.

तिसरं: "उद्या कोणीही टॉर्च घेऊन तपासनीस होईल." हे मात्र खरं आहे आणि म्हणूनच त्याची नोंदणी हवी, परीक्षा हवी, काय काय तपासायचं त्याची ठरलेली यादी हवी आणि चूक केली तर ती भरून द्यायची जबाबदारी हवी. विक्रेत्याकडून दमडी घेतली तर नाव कायमचं बाद. पण वैदू भोंदू निघतो म्हणून कोणी डॉक्टरकीच बंद करा म्हणत नाही.

चौथं, आणि सगळ्यांत नाजूक: "म्हणजे आमच्यावर विश्वास नाही!" आमचे जावई ह्यालाच बळी पडले. मध्यमवर्गीय माणसाला ७६ हजार डॉलर बुडाले तरी चालतात, पण समोरच्याला वाईट वाटलेलं चालत नाही. अहो, आपण सोनं तरी कोणाकडून घेत होतो? पिढ्यान्‌पिढ्यांच्या, विश्वासाच्या सराफाकडूनच ना? तरीही त्या सोन्यावर वेगळ्या केंद्रात तपासून शिक्का मारायची पद्धत आलीच, आणि २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचीही झाली. खरे सराफ काही त्यानं बुडाले नाहीत. तपासणीनं चांगल्या कारागिराचा अपमान होत नाही. त्याच्या शेजारचा वाईट कारागीर त्याच्याच भावात माल विकतो, तो खरा अपमान. कॅम्पबेलफील्डमध्येही छत न गळणारी गाडी बांधणारे असतीलच. तिऱ्हाइताचा अहवाल नसेल तर त्यांचं चांगलेपण गिऱ्हाइकाला कळणार कशावरून? रिबीन दोघांचीही लालच असते.

तात्यांनी शंभर बैल तपासले असतील. एकाही मालकानं "तुमचा विश्वास नाही" असं म्हटल्याचं मला आठवत नाही. ज्याचा बैल चांगला तो स्वत:च म्हणे, "बघा की दात, किती बघायचे ते बघा!"

हे सगळं तिकडचं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणून पान उलटू नका. महाराष्ट्र सरकारनंही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं आहे. आज ना उद्या तुमचेही जावई एखादं चाकावरचं घर बघायला जातील, आणि तिथे कॉफीचं यंत्र असेलच.

आमच्या गाडीचं पुढे काय झालं ते सांगतो. तपासनिसानं बावीस पानांचा अहवाल दिला, फोटोंसकट. तो दिल्यावरच त्यानं हिच्या हातचा आल्याचा चहा घेतला, आणि दोन वेळा मागून घेतला. अहवाल विक्रेत्याच्या टेबलावर पडला तेव्हा श्वासाच्या वाफेचा सिद्धान्त आपोआप विरून गेला. फुगडी थांबली. सहा आठवडे एकमेकांकडे बोट दाखवणारे तिघं एकाच खोलीत बसले. छत नव्यानं बसवलं, भिंतीची सडू लागलेली लाकडं बदलली, फळी निघाली, तार जोडली. वजनाचं भांडण मात्र अजून चालू आहे. वजन हे एकदा वाढलं की उतरत नाही, हा अनुभव मलाही आहे. तोवर टाक्या अर्ध्याच भरतात.

चार महिन्यांनी गाडी न्यायला या म्हणून फोन आला. मी जावयांबरोबर गेलो. मागून तपासनीसही आपला थर्मास घेऊन पोचला. तो जुना हसरा माणूस दारातच उभा होता. त्याला आता जावयांचं नाव पुन्हा आठवलं होतं.

"या, या! आधी कॉफी घेऊ या?"

जावयांनी एकदा त्या यंत्राकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग खिशातून टॉर्च काढला.

"थँक यू," ते म्हणाले, "मी घरून पिऊन आलोय."

त्या चौकशीत घालवलेले तीन महिने मला तेव्हा वसूल झाले.